रमाबाई नगर: तक्रार ते गोळी

१९७२ नंतर

दुष्काळाने मराठवाडा घराबाहेर काढला. बीड जिल्ह्यातल्या उमापूर-गेवराईच्या बाजूच्या भूमिहीन माणसापुढे ऊसतोडीचा कोयता नाहीतर मुंबईची गाडी, एवढेच रस्ते उरले. १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव झाला आणि गावोगावी दलितांची घरे पेटवली गेली. तेव्हा आणखी बिऱ्हाडे निघाली. खेड्यातून उठलेल्या अशा माणसांनी मुंबईत ज्या वस्त्या उभ्या केल्या, त्यांतली एक म्हणजे घाटकोपर पूर्वेचे माता रमाबाई आंबेडकर नगर. समोर पूर्व द्रुतगती महामार्ग.

घाटकोपरला गाण्याचा वारसा मोठा. इथल्याच चिरागनगरच्या झोपडपट्टीत अण्णा भाऊ साठे राहिले. मुंबईच्या आंबेडकरी वस्त्यांत दिवसा बिगारी, सफाई, फेरीचा धंदा करणारी माणसे रात्री ढोलकी-पेटी घेऊन बसत. भीमजयंतीला कव्वालीचे सामने रंगत. बाबासाहेब शाळेत कळायच्या आधी पोरांना गाण्यात कळत. म्हणून वस्तीतल्या पुतळ्याला हात लावणे म्हणजे इथल्या प्रत्येक घराला हात लावणे होते.

११ जुलै १९९७, पहाटे

वस्तीतल्या बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या गळ्यात चपलांचा हार दिसला. बातमी गल्लीगल्लीत गेली. लोक आधी पोलिसांकडे निघाले, हे ध्यानात ठेवायला हवे.

सातच्या आत

पुतळ्यापासून पोलीस चौकी अगदी जवळ. तिथे गेलेल्यांना पंतनगर पोलीस ठाण्यात जायला सांगण्यात आले. त्या घडीला जागेवरच फिर्याद घेता आली असती, पुतळ्याचा पंचनामा सुरू करता आला असता, एखाद्या वरिष्ठ अधिकाऱ्याने येऊन लोकांशी बोलता आले असते. यातल्या कशालाही बंदूक लागत नाही. दहा जीव वाचवायला तेवढा वेळ हाताशी होता.

सकाळी सात

गर्दी वाढली. लोक महामार्गावर उतरले आणि वाहतूक अडली. थोड्याच वेळात राज्य राखीव पोलीस दलाची गाडी येऊन उभी राहिली. तुकडीचे नेतृत्व उपनिरीक्षक मनोहर कदम यांच्याकडे होते.

त्यानंतरची दहा-पंधरा मिनिटे

या तुकडीने वस्तीसमोरच्या रस्त्यावर गोळीबार केला. गोळ्या खऱ्या होत्या. दहा माणसे मेली. सकाळी अपमानाची दाद मागायला निघालेली वस्ती आता मृतदेह उचलत होती.

साडेअकरा

संतापलेल्या लोकांनी एक लक्झरी बस पेटवली.

दुपारी दोन

पोलीस वस्तीत शिरले. लाठ्या चालल्या, गल्लीत अश्रुधूर सोडला गेला. त्या दिवसातल्या जखमींची संख्या सव्वीस सांगितली जाते.

पोलिसांचे म्हणणे असे, की जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता. मेलेल्यांवरच आळ आला. राज्यात तेव्हा शिवसेना-भाजप युतीचे सरकार होते. मनोहर जोशी मुख्यमंत्री होते आणि गृहखाते बीड जिल्ह्याचेच सुपुत्र गोपीनाथ मुंडे यांच्याकडे होते. ज्या मराठवाड्यातून माणसे पोटासाठी मुंबईला गेली, त्याच मातीतल्या नेत्याच्या खात्याला या गोळ्यांचा जाब द्यायचा होता.

१५ जुलै

शाहीर विलास घोगरे मुलुंडच्या झोपडपट्टीत राहत. कामगारांचे, कष्टकऱ्यांचे गाणे गाणारा हा माणूस आनंद पटवर्धन यांच्या ‘हमारा शहर’ या माहितीपटात गाताना दिसतो. रमाबाई नगरच्या हत्याकांडाचे दुःख त्यांना सोसवले नाही. चारच दिवसांनी त्यांनी स्वतःचे आयुष्य संपवले. वस्तीने दहा माणसे गमावली होती, आता चळवळीने आपला शाहीर गमावला.

१९९८ ते २०११

चौकशीसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवला आणि कदम यांच्यावर ठपका ठेवला. सत्र न्यायालयाची शिक्षा मात्र २००९ मध्ये आली: जन्मठेप. पाठोपाठ उच्च न्यायालयाकडून त्यांना जामीनही मिळाला. पटवर्धन चौदा वर्षे चित्रीकरण करत राहिले. त्यातून ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट झाला. घोगरेंचा आवाज आणि वस्तीची साक्ष त्यात एकत्र आहे.

तलसा आणि घाटकोपर

मेलेल्यांवरच दोष टाकण्याची गोष्ट घाटकोपरपुरती नाही. अमेरिकेतल्या तलसा शहरात ग्रीनवूड नावाची कृष्णवर्णीयांची पेठ होती. स्वतःची दुकाने, हॉटेले, नाट्यगृहे, वर्तमानपत्रे. ३१ मे आणि १ जून १९२१ या दोन दिवसांत गोऱ्या जमावाने तिचे पस्तीसेक चौक जाळून टाकले. नंतर ग्रँड ज्युरीने दोष कृष्णवर्णीयांवरच ठेवला. ओक्लाहोमा राज्याने सत्यशोधनासाठी आयोग नेमला तो १९९७ मध्ये, रमाबाई नगरात गोळ्या चालल्या त्याच वर्षी.

दोन्हीकडे मारल्या गेलेल्यांनाच आरोपी करण्यात आले आणि न्यायाची वाट फार लांबली. तलसात आयोग नेमला जायलाच शहात्तर वर्षे लागली. रमाबाई नगराला आयोगाचा अहवाल लवकर मिळाला, तरी निकालासाठी बारा वर्षे ताटकळावे लागले. तोवर ती सकाळ शाहिरांनी आणि वस्तीतल्या बायांनी तोंडपाठ जपली. पण न्यायाचा सगळा भार गाण्याने का उचलावा? दलित वस्तीतून फिर्याद घेऊन आलेल्या माणसाला दुसऱ्या ठाण्याकडे बोट न दाखवता तिथेच बसवून ती लिहून घेतली पाहिजे. उमापूरच्या चौकीत असो की मुंबईच्या, ११ जुलैचा धडा हाच आहे.