मोटारसायकल गचके का देते? कार्ब्युरेटरच्या तक्रारी आणि त्यांचे निदान

पावसाळाभर इमारतीखाली उभी असलेली मोटारसायकल दसऱ्याच्या सुमारास बाहेर काढली जाते. पंधरा-वीस किका मारल्यावर ती कशीबशी सुरू होते, चोक आत ढकलताच बंद पडते आणि रस्त्यावर आणल्यावर प्रत्येक सिग्नलला गचके देऊ लागते. कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये नेल्यास बहुधा एकच निदान ऐकावयास मिळते, 'कार्ब्युरेटर बदलावा लागेल.' वास्तविक अशा दहातल्या बहुतेक गाड्यांना नव्या कार्ब्युरेटरची गरज नसते. गरज असते ती तक्रारीचे मूळ शांतपणे शोधण्याची. चुकीच्या निदानात पैसा तर जातोच, पण घाटात किंवा भरधाव वाहतुकीत ऐनवेळी बंद पडणारी गाडी जिवावरही बेतू शकते.

एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज-६ मानके लागू झाल्यानंतर बहुतेक नव्या मोटारसायकलींमध्ये कार्ब्युरेटरची जागा इंधन इंजेक्शन प्रणालीने घेतली. तथापि, त्यापूर्वीच्या स्प्लेंडर, पल्सर, बुलेट यांसारख्या गाड्या आजही मोठ्या संख्येने रस्त्यावर आहेत आणि १९९० च्या दशकातील आरएक्स १०० जिवापाड जपणारेही कमी नाहीत. अशा वाहनधारकांना कार्ब्युरेटरची किमान ओळख असणे आवश्यक आहे.

कार्ब्युरेटर नेमके काय करतो?

पेट्रोल जळण्यासाठी त्यात योग्य प्रमाणात हवा मिसळावी लागते. वजनाच्या हिशेबाने एक भाग शुद्ध पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा, हे पूर्ण ज्वलनाचे प्रमाण होय. कार्ब्युरेटरच्या मधल्या अरुंद नळीतून हवा वेगाने जाते, तेव्हा तेथील दाब कमी होतो. खालच्या फ्लोट चेंबरमधील पेट्रोलवर मात्र बाहेरच्या हवेचा दाब कायम असतो. या फरकामुळे पेट्रोल जेटच्या बारीक छिद्रातून वर चढते आणि हवेत तुषारांच्या रूपाने मिसळते. चेंबरमधील पेट्रोलची पातळी फ्लोट आणि त्याची सुई सांभाळतात. घरातील पाण्याच्या टाकीतला बॉलकॉक ज्या तत्त्वावर चालतो, तेच तत्त्व येथे असते.

या साऱ्या यंत्रणेत विजेवर चालणारे काही नाही. सर्व भिस्त छिद्रांच्या मापावर आणि पेट्रोलच्या पातळीवर असते. साहजिकच केसाएवढी घाणही गाडीची चाल बिघडवते.

आधी इतर शक्यता तपासा

कार्ब्युरेटर खोलण्यापूर्वी पुढील गोष्टी पाहाव्यात. निम्म्या तक्रारी येथेच मिटू शकतात.

- पेट्रोल : चार-सहा महिने पडून असलेले पेट्रोल उडून जाऊन चिकट गाळ मागे ठेवते. ते काढून ताजे भरावे. पेट्रोल कॉक रिझर्व्हवर करून फरक पडतो का, हेही पाहावे.
- टाकीचे झाकण : झाकणाला हवा आत येण्यासाठी बारीक छिद्र असते. ते बुजल्यास गाडी काही किलोमीटर उत्तम धावते आणि मग पेट्रोल संपल्यासारखी बंद पडते. झाकण उघडताना 'सुस्' असा आवाज आला आणि त्यानंतर गाडी सुरू झाली, तर दोष सापडला असे समजावे.
- एअर फिल्टर : धुळीने भरलेला फिल्टर हवा अडवतो. गाडी जड चालते, धूर काळा येतो आणि अॅव्हरेज घटते.
- स्पार्क प्लग : जुना प्लग, सैल झालेली कॅप किंवा भिजलेली वायर यांमुळे होणारे 'मिसिंग' हुबेहूब कार्ब्युरेटरच्या दोषासारखे भासते. शंका असल्यास प्रथम नवा प्लग लावावा. तो सर्वांत स्वस्त उपाय आहे.
- व्हॉल्व्हची फट : टॅपेट घट्ट बसले असतील, तर गरम इंजिन स्लो स्पीडला टिकत नाही. अशा वेळी कार्ब्युरेटर कितीही साफ केला तरी उपयोग होत नाही.

मूठ किती फिरवल्यावर गाडी अडते?

एवढे पाहूनही तक्रार कायम राहिल्यास कार्ब्युरेटरकडे वळावे. निदानाची खरी गुरुकिल्ली हा एकच प्रश्न आहे. कारण मुठीच्या प्रत्येक टप्प्यावर कार्ब्युरेटरचा निराळा भाग काम करतो.

मूठ बंद असताना आणि साधारण एक अष्टमांश फिरेपर्यंत पेट्रोल पायलट जेटमधून येते. चोकशिवाय सुरू न होणे, सिग्नलला बंद पडणे, स्लो स्पीड वरखाली होणे या तक्रारी बहुतांशी याच जेटच्या असतात. त्याचे छिद्र सर्वांत बारीक असल्याने उभ्या राहिलेल्या गाडीत तेच प्रथम बुजते.

पाव ते पाऊण मुठीपर्यंत स्लाइडला लावलेली निमुळती सुई पेट्रोलचे प्रमाण ठरवते. शहरातील बहुतेक प्रवास याच टप्प्यात होतो. येथे गचके बसत असतील, तर सुईची झीज, तिची सरकलेली क्लिप किंवा ती ज्यात बसते ती नळी तपासावी.

पाऊण ते पूर्ण मूठ हे मेन जेटचे क्षेत्र. महामार्गावर एका वेगापुढे गाडी जातच नसेल, तर मेन जेटमध्ये कचरा अडकला असण्याची किंवा टाकीतून पेट्रोल पुरेसे येत नसण्याची शक्यता असते.

व्हॅक्यूमवर चालणाऱ्या कार्ब्युरेटरमध्ये स्लाइड वर उचलण्यासाठी रबरी पडदा असतो. तो फाटल्यास स्लो स्पीड उत्तम राहतो, पण मूठ पिळूनही पिकअप मिळत नाही. अशा वेळी जेट बदलत बसण्यात अर्थ नसतो.

हा टप्पा ओळखण्यासाठी मुठीच्या रबरावर आणि शेजारच्या स्विचच्या डबीवर चिकटपट्टीच्या खुणा कराव्यात आणि मोकळ्या रस्त्यावर गाडी चालवून पाहावी.

पेट्रोल जास्त की हवा जास्त?

टप्पा कळला की दोषाची दिशा शोधावी. गरम इंजिनावर चोक किंचित ओढल्यास गाडी सुधारत असेल, तर मिश्रणात पेट्रोल कमी पडते आहे. ती अधिक बिघडत असेल, तर पेट्रोल आधीच जास्त आहे.

प्लगही साक्ष देतो. भार घेऊन काही किलोमीटर चालवलेल्या गाडीचा प्लग थंड झाल्यावर काढून पाहावा. त्याचे टोक फिकट तपकिरी असेल, तर मिश्रण योग्य आहे. पांढरे पडले असेल, तर पेट्रोल कमी आहे. कोरडी काळी काजळी पेट्रोल जास्त असल्याचे सांगते. काळा आणि तेलकट प्लग मात्र इंजिन ऑइल जळत असल्याची खूण आहे, तेथे कार्ब्युरेटरचा दोष नसतो.

मूठ सोडल्यावरही इंजिनचा वेग सावकाश खाली येत असेल, तर कार्ब्युरेटर आणि इंजिन यांमधल्या रबरी मॅनिफोल्डला भेग गेली आहे का, ते पाहावे. गाडी चालू ठेवून त्या जोडावर पाण्याचा हलका फवारा मारल्यास इंजिनची चाल बदलते आणि गळती उघड होते. या परीक्षेसाठी पेट्रोल किंवा अन्य ज्वालाग्राही द्रव वापरण्याचा प्रकार कटाक्षाने टाळावा.

उंचीचाही परिणाम होतो. येथे उत्तम चालणारी गाडी लेह-लडाखच्या विरळ हवेत जड होते, कारण हवा कमी झाली तरी जेटमधून येणारे पेट्रोल त्या प्रमाणात घटत नाही. तो बिघाड नव्हे, हे सहलीवर निघणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

ओव्हरफ्लो आणि पाणी

कार्ब्युरेटरच्या खालच्या नळीतून पेट्रोल टपकत असल्यास फ्लोटची सुई नीट बसत नाही, असे समजावे. सुईखाली कण अडकला असेल, तर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने चेंबरवर हलके टकटक केल्यानेही तो सुटतो. न सुटल्यास कॉक बंद करून गाडी दुरुस्तीला न्यावी. हे पेट्रोल इंजिनमध्ये उतरून ऑइल पातळ करू शकते आणि बंद गॅरेजमध्ये साचलेली वाफ एका ठिणगीने पेटू शकते.

पावसाळ्यानंतर चेंबरच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करून थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढावे. तळाशी निराळा थर किंवा थेंब दिसल्यास पाणी शिरले आहे. अशा वेळी टाकीही रिकामी करून स्वच्छ करावी, अन्यथा आठवड्यात तीच तक्रार परत येते.

सफाई करताना

इंजिन थंड असावे, जागा मोकळी व हवेशीर असावी आणि जवळपास देवघरातील दिव्यापासून सिगारेटपर्यंत कोणतीही ज्योत नसावी. कॉक बंद करून चेंबर रिकामे करावे. मिश्रणाचा स्क्रू काढण्यापूर्वी तो पूर्ण आत जाण्यास किती फेरे लागतात, हे मोजून लिहून ठेवावे. तो आत जोराने आवळू नये, टोक बिघडते.

जेट पितळेचे, म्हणजे मऊ असतात. तार किंवा सुई घालून छिद्र साफ करण्याची पद्धत सर्रास आढळते, पण त्यामुळे छिद्र मोठे होते आणि गाडी कायमची जास्त पेट्रोल पिऊ लागते. कार्ब्युरेटर क्लीनर आणि कॉम्प्रेसरची हवा एवढेच वापरावे. जेट उजेडासमोर धरल्यास छिद्र गोल आणि स्वच्छ दिसले पाहिजे. क्लीनर मारण्यापूर्वी रबरी भाग काढून ठेवावेत आणि डोळ्यांना चष्मा लावावा. नवा जेट घ्यावयाचा झाल्यास त्यावर कोरलेला क्रमांक मूळ जेटचाच असावा.

ट्यूनिंग आणि अॅव्हरेजचा मोह

ट्यूनिंग नेहमी गरम इंजिनावर करावे. मिश्रणाचा स्क्रू दोन प्रकारचा असतो. तो एअर फिल्टरच्या बाजूला असेल, तर आत फिरवल्यास पेट्रोलचे प्रमाण वाढते. इंजिनच्या बाजूला असेल, तर बाहेर फिरवल्यास वाढते. हा फरक न कळल्याने अनेकांचे ट्यूनिंग उलट होते. सर्वसाधारणपणे दीड ते अडीच फेरे बाहेर या स्थितीपासून प्रारंभ करावा, इंजिनचा वेग जेथे सर्वाधिक आणि एकसारखा वाटतो तेथे थांबावे आणि मग स्लो स्पीडचा स्क्रू पुस्तिकेत दिलेल्या वेगावर आणावा. पीयूसी चाचणीत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन याच स्लो स्पीडला मोजले जातात, हेही ध्यानात घ्यावे.

'अॅव्हरेज वाढवून द्या' असा आग्रह मेकॅनिकला कधी धरू नये. ते वाढवण्याचा सोपा मार्ग म्हणजे पेट्रोल कमी करणे. पण पेट्रोल कमी झालेले इंजिन जास्त तापते, पिकअप जातो आणि व्हॉल्व्ह व पिस्टनवर ताण येतो. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणाऱ्या टू-स्ट्रोक गाड्यांत तर पेट्रोलबरोबर वंगणही घटते आणि इंजिन धावता धावता जाम होऊ शकते. लिटरमागे वाचलेल्या दोन-चार किलोमीटरची किंमत मग बोअर आणि पिस्टनच्या बिलात मोजावी लागते.

इथेनॉलचा नवा पैलू

२०२३ पासून देशात वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पंपांवर येऊ लागले. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने त्याच जेटमधून आलेले मिश्रण थोडे अधिक हवेशीर ठरते. इंजेक्शनच्या गाडीतील संगणक हा फरक बऱ्याच अंशी सावरतो, कार्ब्युरेटरला ते शक्य नसते. शिवाय इथेनॉल हवेतील ओलावा शोषते आणि जुन्या प्रकारच्या रबराला बाधक ठरू शकते. म्हणून जुन्या गाडीचे पेट्रोल पाइप, ओ-रिंग आणि फ्लोट चेंबरचे गॅस्केट वरचेवर तपासावे. गाडी महिनाभराहून अधिक उभी राहणार असेल, तर कॉक बंद करून चेंबर रिकामे करावे.

ही शेवटची सवय अवघ्या दोन मिनिटांची आहे. पावसाळ्यापूर्वी ती पाळली, तर दसऱ्याला गाडीला हार घालताना किका मारून दमण्याची वेळ सहसा येत नाही. आणि तरीही गॅरेजमध्ये जावेच लागले, तर 'गाडी बिघडली' एवढेच न सांगता ती मुठीच्या कोणत्या टप्प्यावर, थंड असताना की गरम झाल्यावर अडते, हे सांगावे. चांगल्या मेकॅनिकचे निम्मे काम त्यातच होते.