सायकलीच्या दुकानातून नांगर

कन्हानकाठच्या या आपल्या खाप्यात धोटा अडला तर विणकर मिस्त्रीची वाट पाहत नसे. माग स्वतःच खोली. सायकल बिघडली की मात्र आपण थेट दुकान गाठतो! म्हणून बेळगावची हकीकत सांगतो.

१८८८ साली, डनलपने हवेची रबरी धाव काढली त्याच वर्षी, तेथे किर्लोस्कर बंधूंचे सायकलींचे दुकान निघाले. लक्ष्मणराव मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत शिकवीत व सायकली धाडीत. रामुअण्णा त्या विकीत, गिऱ्हाइकांना बसायलाही शिकवीत. यंत्र विलायती, खोलून पाहणे हीच शाळा. चाकाचा कोन फार आवळला तर चाक जड जाते, सैल सोडला तर डुलते. यामधली जागा पुस्तकाला नव्हे, बोटांना कळते. आरे ताणण्याचेही तेच.

दुरुस्ती हाताला बसली की सुधारणा सुचतेच. नांगराचे कौतुक सारे करतात. आम्हांला त्याआधीचा पाना अधिक मोलाचा वाटतो. कडबा कापण्याच्या यंत्रामागून १९०३ साली लोखंडी नांगर निघाला. लोखंडाने जमीन विषारी होते, ही शेतकऱ्यांची समजूत! पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली.