फक्की मारणाऱ्याची जागा

गेल्या वर्षी आमच्या भागातल्या एका जुन्या जिमखान्याच्या स्मरणिकेसाठी माझ्याकडे लेख मागितला गेला. सोबत आजवरच्या अध्यक्षांची यादी आली, देणगीदारांची यादी आली आणि उद्घाटनांच्या फोटोंचे एक पाकीट आले. मी फोन करून विचारले, "मैदान सांभाळणाऱ्या माणसांची नावे मिळतील का?" पलीकडचे गृहस्थ सौजन्याने म्हणाले, "भाऊ, ती कशाला लागतात? खेळाबद्दल लिहा ना."

माझे वडील धरणगावात एका शाळेत शिपाई होते. कबड्डीच्या सामन्यांच्या आदल्या संध्याकाळी ते सुतळी ताणून मैदानावर चुन्याची फक्की मारत. सामना सुरू झाला की पाण्याच्या माठापाशी जाऊन बसत. पायांनी पुसलेली रेषा मध्यंतरात पुन्हा काढायची असे, म्हणून त्यांचे लक्ष खेळाडूंपेक्षा रेषांवर अधिक. तो फोन ठेवल्यावर मला ते माठापाशी बसलेले आठवले. मग मी क्लब-जिमखान्यांबद्दल जे वाचले होते ते पुन्हा काढले आणि त्या माठापाशी बसूनच वाचायला लागलो.

सुरुवात गावापासूनच करावी लागली. सतराव्या शतकात इंग्रजांची वखार असलेले धरणगाव 1825 नंतर एका वेगळ्या कारणासाठी साहेबांच्या नकाशावर आले. 1818 मध्ये खानदेश कंपनी सरकारकडे गेला, पण सातपुड्यातले भिल्ल काही शरण येईनात. तेव्हा जेम्स औट्रम या बाविशीतल्या अधिकाऱ्याने भिल्लांचीच पलटण उभी केली. तिचे ठाणे धरणगाव. भिल्लांचा विश्वास त्याने मिळवला तो मुख्यतः शिकारीतून. 1825 ते 1834 या काळात औट्रमने स्वतः मारलेल्या किंवा त्याच्या हजेरीत मारल्या गेलेल्या वाघांची संख्या 191 सांगितली जाते. शिकार हा साहेबांचा पहिला 'स्पोर्ट'. क्लबाची इमारत, बार, बिलियर्डचे टेबल हे सगळे पुढचे. पण वाघाचा माग काढायला ठसे वाचता यावे लागतात, वारा ओळखावा लागतो आणि हाका घालायला जीव मुठीत धरून झाडीत शिरावे लागते. ही कामे भिल्लांची. आकडा मात्र औट्रमच्या नावावर जमा आहे.

'जिमखाना' हा शब्दही याच देशात घडला. 'गेंदखाना'तला खाना आणि जिम्नॅस्टिकमधला जिम यांची ती सांगड, असे कोशकार मानतात. 1861 च्या सुमारास रुडकीला तो वापरात होता. 1875 मध्ये बॉम्बे जिमखाना निघाला, तो युरोपियनांसाठी. मग मुंबईत समुद्राकाठी पारशांचा, 1892 मध्ये मुसलमानांचा आणि 1894 मध्ये हिंदूंचा जिमखाना आला. साहेबांनी दार लावले म्हणून आपल्या लोकांनी आपापली दारे बांधली. त्या दारांनाही कड्या होत्या, हे पाळवणकर बाळूंच्या आयुष्यावरून कळते.

बाळूंचा जन्म 1876 चा, चर्मकार कुटुंबातला. वडील लष्करात, म्हणून बालपण पुण्यात गेले. पहिली नोकरी पारशांच्या क्रिकेट क्लबात, महिना तीन रुपये: खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा. तिथून ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले. जाळी बांधायची, रेषा आखायच्या आणि साहेब सरावाला आले की त्यांना चेंडू टाकायचे. ग्रेग नावाचा कॅप्टन नामांकित फलंदाज होता. तो इतरांच्या आधी येऊन बाळूंच्या डावखुऱ्या फिरकीवर सराव करी. आपल्याला बाद केले की तो आठ आणे देई, असे सांगतात. बॅट मात्र बाळूंच्या हाती कधी दिली गेली नाही. फलंदाजी हा सभासदाचा मान आणि गोलंदाजी हे नोकराचे काम, अशी ती वाटणी होती.

पुण्याच्या हिंदू संघाने साहेबांना हरवण्यासाठी बाळूंना घेतले. मैदानात एकच चेंडू सगळ्यांच्या हातांतून फिरे. चहाच्या वेळी मात्र बाळूंना मंडपाबाहेर, वापरून फेकायच्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणाचे पानही वेगळे. 1906 च्या फेब्रुवारीत बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हिंदूंनी युरोपियनांना 109 धावांनी हरवले, तेव्हा बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम दोघेही संघात होते. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी शंभरावर बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. ते 1923 मध्ये आले ते त्यांच्या दुसऱ्या भावाकडे, विठ्ठल यांच्याकडे. खेळपट्टीपासून कर्णधारापर्यंतचे ते बावीस यार्डांचे अंतर चालायला त्या घराला तीस वर्षे लागली.

1906 हेच साल डेक्कन जिमखान्याच्या स्थापनेचे. पुण्यात मुठेच्या पलीकडे बाळकृष्ण नारायण भाजेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो उभा केला. पुढे त्या भागाला जिमखान्याचेच नाव पडले. मला या संस्थेचे नाव महत्त्वाचे वाटते. मुंबईतले जिमखाने धर्माच्या नावाने ओळखले जात, या जिमखान्याने दख्खनचे नाव घेतले. त्या नावात निदान माझ्यासारख्या खानदेशातल्या माणसालाही जागा होती.

1919 मध्ये दोराबजी टाटा या जिमखान्याचे अध्यक्ष होते. त्या वर्षीच्या क्रीडास्पर्धांची हकिकत त्यांनी पुढे 1929 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या अध्यक्षांना पत्रातून कळवली. धावायला आलेले बहुतेक तरुण शेतकरी घरांतले होते. युरोपातले नियम त्यांना ठाऊक नव्हते, तालीम अशी कोणी दिलेली नव्हती, अंगात बळ म्हणावे तर भाकरीचे. सुमारे पंचवीस मैलांची शर्यत ते खडीच्या रस्त्यावरून अनवाणी धावले. पहिल्या काही जणांची वेळ परदेशी धावपटूंच्या वेळेशी तुलना करण्याजोगी आहे, हे टाटांच्या ध्यानात आले. बक्षीस समारंभाला गव्हर्नर जॉर्ज लॉईड होते. त्यांच्याकडे टाटांनी विषय काढला आणि 1920 मध्ये हिंदुस्थानचा लहानसा चमू अँटवर्पच्या ऑलिम्पिकला गेला.

त्या चमूत बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. अँटवर्पची मॅरेथॉन नेहमीपेक्षा लांब, 42.75 किलोमीटरची. चौगुले 2 तास 50 मिनिटांत ती धावले आणि एकोणिसावे आले. मल्ल रणधीर शिंदे कुस्तीत चौथे आले, पदक एका कुस्तीने हुकले. टेनिस आणि क्रिकेट हे डेक्कन जिमखान्याच्या आवारातले खेळ. पण त्या संस्थेची वार्ता समुद्रापार नेली ती पळणे आणि कुस्ती या बिनखर्चाच्या खेळांनी, म्हणजे बांधावर आणि तालमीच्या लाल मातीत घडलेल्या माणसांनी. 1927 मध्ये भारतीय ऑलिम्पिक संघटना स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष दोराबजी टाटाच. त्यांचे श्रेय मोठे आहे. साहेबांच्या क्लबात बाळूंचा चेंडू सभासदांच्या सरावापुरता होता. टाटांनी अनवाणी पाय पाहिले आणि त्यांना बोटीवर चढवले. हा फरक मी लहान मानत नाही.

स्मरणिकेचा लेख मी लिहिला. त्याआधी दोन रविवार जिमखान्याच्या मागच्या वस्तीत जाऊन बसलो. चार जुन्या माळ्यांची आणि एका रोलर ओढणाऱ्याची नावे मिळाली. त्यातल्या एकाच्या नातवाने आजोबांची पितळी शिट्टी दाखवली. सरावाला येणाऱ्या पोरांना मैदानाबाहेर काढायला ती वाजवायची असे. "आणि तुम्हाला खेळू देत?" मी विचारले. तो हसून म्हणाला, "सगळे गेल्यावर, अंधार पडल्यावर."

स्मरणिका छापून आली. अध्यक्षांची यादी पहिल्या पानावर आहे, माझी पाच नावे शेवटच्या पानावर, जाहिरातींच्या आधी. मी त्या पानाची प्रत काढली आणि वडिलांच्या फोटोमागे ठेवली.