फैजपूरचा रंग : खानदेशातील एका वस्त्रकलेचा इतिहास

सातपुड्याच्या पायथ्याशी, आजच्या जळगाव जिल्ह्यातील यावल तालुक्यात वसलेल्या फैजपूरचे नाव महाराष्ट्राच्या इतिहासात मुख्यतः १९३६ च्या काँग्रेस अधिवेशनामुळे घेतले जाते. परंतु त्यापूर्वी हे गाव रंगाऱ्यांचे गाव म्हणून ओळखले जात होते. ब्रिटिशकालीन गॅझेटिअरने येथील सुती छापील कापडाची आणि लाल व गडद निळ्या रंगांची मुद्दाम नोंद केली असून गावात रंगाऱ्यांची सुमारे २५० कुटुंबे असल्याचे म्हटले आहे. तालुक्याचे ठाणेही नसलेल्या गावात एकाच कसबाची इतकी घरे नांदत होती, यावरून त्या कापडाला गावाच्या शिवेबाहेर मोठे गिऱ्हाईक होते हे उघड होते.

या कसबाची मुळे फारुकी सुलतानांच्या काळापर्यंत मागे जातात. फारुकींनी वसवलेले बुऱ्हाणपूर हे मोगल अमलात उत्तम कापडाची पेठ बनले, आणि तेथून सुरतेच्या बंदराकडे जाणारा व्यापारी मार्ग चोपडा, थाळनेर, नंदुरबार असा खानदेशच्या मध्यातून जात होता. १७ व्या शतकात हा प्रवास केलेल्या ताव्हर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने बुऱ्हाणपूरचे तलम कापड इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड आणि इजिप्तपर्यंत जात असल्याचे लिहिले आहे, आणि त्यातील काही वस्त्रांवर रंगीत फुले काढलेली असत व त्यांचे बुरखे, ओढण्या आणि रुमाल होत, असेही नोंदवले आहे. इंग्रजांनी १६७४ मध्ये धरणगावी वखार घातली ती याच व्यापारासाठी, आणि १६७९ मध्ये शिवाजी महाराजांच्या फौजांनी धरणगाव व चोपडा या पेठांवर स्वारी केली तीही तेथील मोगली वैभवावर नजर ठेवून.

रंगाऱ्याचे काम किती जाणतेपणाचे होते हे त्याची रीत पाहिल्याशिवाय कळत नाही. लाल रंगाचा पारंपरिक आधार होता आल, ज्याला सुरंगी असेही म्हणतात. या झाडाच्या मुळांच्या सालीत रंग असतो, आणि तो पुरेसा साठण्यासाठी पीक काळ्या खोल जमिनीत सुमारे तीन वर्षे उभे ठेवून मग मुळे खणून काढावी लागतात. सुती धागा हा रंग आपणहून धरत नाही. म्हणून कापड आधी तेल आणि खार यांच्या पाण्यात पुन्हा पुन्हा भिजवून, तुडवून, उन्हात वाळवले जाई, नंतर हिरड्याच्या पाण्यातून काढले जाई, आणि त्यानंतर लाकडी ठशाने त्यावर तुरटीचे द्रावण उमटवले जाई. तुरटी येथे रंग धरून ठेवणाऱ्या बंधकाचे काम करते. ठसा मारताना नक्षी डोळ्यांना जेमतेम दिसते. कापड आलेच्या पाण्यात उकळल्यावर जेथे तुरटी लागली तेथे लाल रंग चढतो, आणि जेथे लोखंडाचे पाणी लावले असेल तेथे काळा. निळीची तऱ्हा याहून वेगळी होती, कारण तेथे आंबवलेल्या निळीच्या माठातून कापड हिरवट रंगाचे बाहेर येते आणि वारा लागता लागता निळे होत जाते. म्हणजे रंगारी जे उमटवत होता ते रंगापूर्वीचे चित्र होते आणि अंतिम रूप त्याला आधी मनात पाहावे लागत होते. अशा कारागिराला केवळ कापड रंगवणारा म्हणणे अपुरे आहे. चित्रकार हा शब्द त्याला पूर्णपणे शोभतो.

हा व्यवसाय ढासळला तो एका पिढीत. १८६० च्या दशकात रेल्वे खानदेशात आली आणि तिच्याबरोबर मुंबईचे व विलायतेचे स्वस्त छापील कापड आले. त्याच दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले, आणि तीन वर्षे जमीन अडवणाऱ्या आलेपेक्षा दर हंगामी पैसा देणारा कापूस शेतकऱ्याला साहजिकच परवडू लागला. १८६८ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी ॲलिझरीन हा लाल रंग कृत्रिमरीत्या तयार केला, आणि त्यानंतर आलेचे उरलेसुरले मोलही गेले. पुढे जळगाव, अमळनेर, धुळे आणि चाळीसगाव येथे गिरण्या निघाल्या व हजारो हातांना काम मिळाले. हे ऋण नाकारता येणार नाही, पण गिरणीच्या कापडावर खानदेशची खूण उरली नाही. आता गिरण्याही बंद पडल्या असून जळगावच्या खानदेश मिलच्या जागेवर व्यापारी संकुल उभे आहे.

डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला एक दुर्मीळ संधी चालून आली होती. खेड्यात भरलेल्या काँग्रेसच्या या पहिल्या अधिवेशनाचे अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते, स्थानिक जुळवाजुळवीत धनाजी नाना चौधरी यांनी मोठा भार उचलला होता, आणि टिळकनगर नावाने उभारलेल्या वसाहतीच्या सजावटीसाठी गांधीजींनी शांतिनिकेतनच्या कलाभवनाचे प्रमुख नंदलाल बोस यांना बोलावले होते. परिसरात मिळणारा बांबू आणि साधे साहित्य एवढ्यावरच त्यांनी भर दिला, आणि खादी व ग्रामोद्योग प्रदर्शनाचे उद्घाटन करताना गांधीजींनी त्यांच्या कामाचा मनापासून गौरव केला. नामवंत कलावंताने गावच्या साहित्याला दिलेली ही प्रतिष्ठा मोलाची होती. तथापि ती मांडव आणि कमानींपर्यंत राहिली, आणि ज्या गावाने शेकडो हातांनी वस्त्रावर चित्रे उमटवली त्याचा ठसा पुन्हा अंगावरच्या कपड्यावर आला नाही.

असे पुनरुज्जीवन अशक्य नसते, हे जपानच्या दक्षिणेकडील ओकिनावा बेटांनी दाखवून दिले आहे. तेथील रियुक्यू राज्य १८७९ मध्ये जपानने खालसा केले आणि राजघराण्यासाठी व उमरावांसाठी तयार होणाऱ्या बिंगाता या वस्त्रकलेचा आश्रय तुटला. कोरलेल्या कागदी साच्यातून तांदळाची खळ लावायची आणि खळ नसलेल्या जागी कुंचल्याने रंग भरायचा, अशी ती कला आहे. १९४५ च्या युद्धात साचे, घरे, माणसे सारेच गेले. त्यानंतर शिरोमा एइकी या कारागिराने अमेरिकी लष्कराच्या टाकाऊ नकाशांच्या कागदावर साचे कोरून आणि बंदुकीच्या रिकाम्या काडतुसांतून खळ पिळून ही कला पुन्हा उभी केली. आज ओकिनावात कार्यालयातही घातला जाणारा कारियुशी नावाचा सदरा बेटांवरच शिवलेला आणि बेटांची ओळख सांगणाऱ्या नक्षीचा असावा, असा दंडक आहे.

खानदेशात आजही कापूस भरपूर पिकतो आणि गाठी बांधून बाहेर जातो. फैजपूर, सावदा, धरणगाव, पारोळा या भागांतील जुन्या घरांत एखादा लाकडी ठसा, आजीचे छापील लुगडे किंवा रंगाऱ्याची हिशेबवही राहिली असेल, तर ती रद्दीत किंवा भंगारात जाऊ देऊ नये; तिचे छायाचित्र आणि घरातील वडीलधाऱ्यांना आठवणारी माहिती धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाकडे किंवा जळगावच्या विद्यापीठाकडे पोहोचवावी.