महाकाय सूझाफोन (जुने) : संग्रह आणि तुलना

सूझाफोन हे वादकाच्या अंगाभोवती वेटोळे घालून डाव्या खांद्यावर बसणारे, खर्जात बोलणारे पितळी वाद्य. आपल्याकडे वरातीच्या बँडमध्ये मेरठी बनावटीचे सूझाफोन दिसतात. संग्राहक मात्र शोधतात ते अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घडलेले अवाढव्य नमुने.

बँडमास्टर जॉन फिलिप सूझा (१८५४–१९३२) यांना हेलिकॉन या जुन्या वेटोळ्या वाद्याहून भरदार, साऱ्या बँडवर पसरणारा नाद हवा होता. फिलाडेल्फियाच्या जे. डब्ल्यू. पेपर यांनी १८९३ मध्ये तसे वाद्य घडवले. १८९८ मध्ये सी. जी. कॉन यांच्या कारखान्यातूनही सूझाफोन बाहेर पडला. सुरुवातीच्या या वाद्यांचा कर्णा आभाळाकडे उघडा असे, म्हणून त्यांना ‘रेनकॅचर’ हे नाव पडले. कॉनने १९०८ मध्ये कर्णा समोर वळवला आणि पुढे तोच घाट रूढ झाला. उभ्या कर्ण्याची वाद्ये आता दुर्मीळ आहेत.

कॉनचा ‘ग्रँड जंबो’, किंगचा ‘जंबो’, मार्टिनचा ‘मॅमथ’ ही विक्रीसाठी योजलेली नावे. त्यांच्यामागे सामाईक माप नव्हते. त्यामुळे तुलना करायची तर टेप आणि व्हर्निअर कॅलिपर हाती घ्यावाच लागतो. नेहमीच्या मोठ्या सूझाफोनचा कर्णा २६ इंचांचा (६६ सेंमी) असतो. त्याहून रुंद कर्णा दिसला की खरेदीदार हरखतो. पण केवळ कर्ण्यावरून मोठेपण ठरवणे फसवे आहे. खर्जाची खोली मुख्यतः नळी किती लवकर आणि किती रुंदावत जाते यावर, म्हणजे वाद्याच्या पोटावर अवलंबून असते. स्वरही पाहावा लागतो: बी फ्लॅट सूझाफोनची नळी सुमारे १८ फूट, तर ई फ्लॅटची सुमारे १३ फूट. या दोन जातींना एका तराजूत तोलणे अन्यायाचे.

तुलनेसाठी कॉनचा ‘२०के’ हा उत्तम मापदंड आहे. १९३० च्या दशकापासूनचे हे मॉडेल आजही बनते, त्यामुळे जुने आणि नवे वाद्य शेजारी ठेवून वाजवता येते. त्याच्या नळीचा आतला व्यास ०.७३४ इंच. व्हॉल्व्हचे पिस्टन जाड, पण त्यांचा दाब आखूड. बोटांना कमी अंतर जावे लागते. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या बँडने हे जड वाद्य मैदानावर नाचवले आहे.

अस्सलपणा तपासणे हे सर्वांत किचकट काम. कर्णा स्क्रूंनी जोडलेला असतो, म्हणून शाळांच्या भांडारात तो सहज अदलाबदल होतो. कर्ण्यावर कोरलेले नाव एका कंपनीचे आणि धड दुसऱ्या कंपनीचे, असे जोड सापडतात. त्यामुळे व्हॉल्व्हच्या नळकांड्यावरचा क्रमांक वाचून साल काढावे. माऊथपीस आणि मान यांच्यामधले छोटे वळणदार तुकडे हरवलेले असतील, तर सूर जुळवताना त्रास ठरलेला. पितळातले जस्त झडून उठणारे गुलाबी ठिपके पोच्यांपेक्षा गंभीर असतात: पोचा ठोकून काढता येतो, झिजलेली नळी बदलावी लागते.

१९४२ मध्ये कॉनने वाद्ये थांबवून युद्धसाहित्य बनवायला घेतले. म्हणून ‘१९४३ चा कॉन’ अशी जाहिरात दिसली, की क्रमांक पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत.