पेन्सिलीच्या नोंदीचं कुळ

सातबारा हातात आला की माणूस आधी नाव बघतो, मग क्षेत्र, मग बँकेचा बोजा. तळाशी दोन बारीक ओळी असतात, त्यांच्याकडे सहसा नजर जात नाही. एक ‘प्रलंबित फेरफार’ आणि दुसरी ‘शेवटचा फेरफार क्रमांक’, पुढे दिनांक. डेटाबेसच्या धंद्यातला माणूस मात्र तिथेच थबकतो. पहिली ओळ सांगते की या शेताच्या नोंदीवर कुणाचं काम अर्धवट चालू आहे की नाही. दुसरी सांगते की तुमच्या हातातली नोंद कुठल्या बदलापर्यंतची आहे. एकच नोंद एकाच वेळी बदलायला दोघे आले, तर त्यांना आवरण्याच्या दोन रीती रिलेशनल डेटाबेसमध्ये आहेत: आधीच लॉक लावायचं, किंवा लॉक न लावता शेवटी आवृत्तीचा क्रमांक ताडून बघायचा. अकोल्या-अमरावतीच्या सातबाऱ्यावर दोन्हींचे सगेसोयरे शेजारी शेजारी बसले आहेत, आणि ते संगणकाच्या खूप आधीपासून तिथे आहेत.

वऱ्हाड १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आलं. १८६१ पासून इथे मुंबई इलाख्याच्या पद्धतीने जमिनीची मोजणी सुरू झाली आणि प्रत्येक शेताला नंबर पडला. ‘नाल्यापलीकडचं, चिंचेजवळचं’ असं सांगितलं जाणारं वावर सर्व्हे नंबर झालं. ही गोष्ट दिसते त्याहून मोठी आहे. नोंदीला स्वतःची, दुसऱ्या कशाशीही न मिसळणारी खूण असल्याशिवाय तिच्यावर लॉक लावता येत नाही, कारण लॉक कशावर लावायचं हेच ठरत नाही. पुढे १८९६ ची आणि १९२८ ची अशा वऱ्हाडच्या दोन जमीन महसूल संहिता झाल्या. आजची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची, ती १५ ऑगस्ट १९६७ पासून लागू झाली, आणि तिच्या मागून १९७१ चे अधिकार अभिलेखाचे नियम आले. गावाचं दप्तर कुठल्या नमुन्यात ठेवायचं ते ठरलेलं असतं. नमुना १ आकारबंद, ६ फेरफार, ७ अधिकार अभिलेख, १२ पिकं, ८-अ खातं. रकाने आधी छापलेले, माहिती नंतर भरायची. याला डेटाबेसवाले ‘स्कीमा’ म्हणतात.

आता खरी गोष्ट, पेन्सिलीची. शेत विकलं, दस्त झाला, कागद पटवाऱ्याकडे आला. (वऱ्हाडात तलाठ्याला आजही पटवारीच म्हणतात. सरकारने आता त्याला ग्राम महसूल अधिकारी केलं असलं तरी ‘पटवाऱ्यानं फेर घेतला का?’ हेच कानावर येतं.) पटवारी नमुना ६ मध्ये फेरफाराला पुढचा क्रमांक देई. क्रमांक त्या गावापुरता आणि सलग. मग तोच क्रमांक सातबाऱ्यावर, पण शाईने नाही, पेन्सिलने. संबंधितांना नोटिसा जात, एक प्रत चावडीवर लागे, हरकतीला १५ दिवस. हरकत आली तर प्रकरण नमुना ६-अ मध्ये, विवादग्रस्त म्हणून. नाही आली तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करी आणि तेव्हा कुठे पेन्सिलीवर शाई चढे. जुन्या मालकाचं नाव खोडायचं नाही, त्याला कंस करायचा. कंसातलं नाव म्हणजे होऊन गेलेला मालक.

या रीतीमागे कुणी शहाण्याने बसून सिद्धांत मांडला असेल असं वाटत नाही. फसवणुकीच्या अनुभवातून ती घडत गेली असावी. शेत आज एकाला विकायचं आणि पटवारी नोंद घेण्याआधी उद्या दुसऱ्याला, हा उद्योग जुना आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं ४८ वं कलम अशा वेळी आधीच्या हस्तांतरणाची बाजू घेतं. पण कोर्टात नंतर जिंकणं वेगळं आणि विसार देण्याआधी सावध होणं वेगळं. सातबाऱ्यावरचा पेन्सिलीतला आकडा दुसऱ्या गिऱ्हाइकाला सावध करायचा. तो कुणाचा हात धरत नव्हता. ‘इथे काहीतरी चालू आहे, विचारून घ्या’ एवढंच सांगत होता.

आता कॅलिफोर्नियात जाऊ. आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल मॉडेलचा लेख लिहिला: माहिती साध्या तक्त्यांत ठेवा, ओळी आणि रकाने, आणि ती कुठे कशी साठवली आहे याची चिंता वापरणाऱ्यावर टाकू नका. १९७४ च्या सुमारास त्याच प्रयोगशाळेत ‘सिस्टिम आर’ हा प्रकल्प उभा राहिला आणि तिथे हा फेरफाराचा प्रश्न पुन्हा जन्माला आला. शंभर लोक एकाच तक्त्यावर लिहायला बसले तर काय? कपाली ईश्वरन, जिम ग्रे, रेमंड लोरी आणि आयर्व्हिंग ट्रेगर या चौघांनी १९७६ मध्ये उत्तर छापलं. व्यवहाराने (म्हणजे ट्रान्झॅक्शनने) लागतील तशी लॉक घेत जावीत, पण एकदा एक सोडलं की नवं घेऊ नये. एवढा नियम पाळला तर सगळे व्यवहार एकामागून एक झाले असते तर जे उरलं असतं, तेच उरतं. चौघांतलं पहिलं नाव भारतीय आहे, याची आपल्याकडे फारशी वाच्यता होत नाही.

याच गटाने आणखी एक गोष्ट शोधली, आणि मला ती पहिलीपेक्षा जास्त आवडते. एका ओळीवर लॉक लावण्याआधी अख्ख्या तक्त्यावर ‘आत कुठेतरी लॉक लावणार आहे’ अशी इराद्याची खूण ठेवायची. मग ज्याला सगळा तक्ताच हवा आहे त्याला आतली एकेक ओळ तपासत बसावं लागत नाही.

१९८१ मध्ये ग्रे यांनी व्यवहाराच्या संकल्पनेवर लेख लिहिला, त्यात तिचं मूळ संगणकात नसून कराराच्या कायद्यात असल्याचं सांगितलं आणि उदाहरण दिलं ख्रिस्ती लग्नाचं: दोघांनी होकार दिल्याशिवाय पाद्री लग्न लागल्याचं जाहीर करत नाही आणि एकानेही नकार दिला तर काहीच झालेलं नसतं. वऱ्हाडातल्या कुणी त्यांना फेरफाराची वही दाखवली असती तर त्यांना चर्चपर्यंत जावं लागलं नसतं. जुनी ओळ न पुसता शेजारी नवी ठेवायची, ही कंसाची रीतसुद्धा पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आहे. साचलेल्या जुन्या ओळी तिथे अधूनमधून झाडाव्या लागतात. पटवारीही साधारण दहा वर्षांनी सातबाऱ्याचं पुनर्लेखन करी आणि कंसातली नावं मागे सोडी. त्या उतरवण्यात कधी जिवंत माणसाचं नावही मागे राहून जाई आणि मग जमीन महसूल संहितेच्या १५५ कलमाखाली दुरुस्तीचे अर्ज सुरू होत.

दोन कुळं एकत्र आली ती वर्धा नदीच्या पलीकडच्या काठाला. भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाचा केंद्राचा पहिला प्रयोग १९८८-८९ मध्ये देशातल्या आठ जिल्ह्यांत झाला, त्यात महाराष्ट्रातून वर्धा होता, अमरावतीचा शेजारी. वही यंत्रात शिरायला पुढे पाव शतकाहून जास्त गेलं. ई-फेरफार आलं, २०१७ मध्ये गावोगाव चावडीवाचन झालं, २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. मधल्या काळात पटवाऱ्यांच्या तोंडी एक शब्द बसला: ‘निरंक’. संगणक विसंगतींचे अहवाल काढी आणि ते निरंक करायचे असत. सातबाऱ्याचं एकूण क्षेत्र एक आणि खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज दुसरी, ही त्यातली नेहमीची तक्रार. कागदावर असं दशकानुदशकं खपून गेलं होतं. रकान्याला नियम जोडला की खपत नाही.

२०२० मध्ये सातबाऱ्याचा नमुनाच बदलला. चालू दप्तराचे रकाने बदलणं म्हणजे स्कीमाला हात घालणं, आणि लॉकची सगळ्यात वाईट भांडणं तिथेच होतात. पोस्टग्रेसमध्ये तक्त्याचा आकार बदलणारी ‘ऑल्टर टेबल’ ही आज्ञा बहुतेक वेळा असं लॉक मागते की त्या तक्त्यातून कुणाला वाचताही येत नाही. एखादा लांबलेला व्यवहार आधी तिथे बसला असेल तर ती त्याच्यामागे उभी राहते आणि तिच्यामागे बाकी सगळे खोळंबतात. रकाना वाढवायला क्षणभर पुरतो, जातो तो वेळ थांबण्यात.

आजकाल स्कीमा हाताने लिहिण्याचाही कंटाळा केला जातो. जावाच्या जगात हायबरनेटसारखं साधन प्रोग्राममधली रचना पाहून तक्ते आपणच तयार करतं, आणि सांगितलं तर काम संपल्यावर पाडूनही टाकतं. चाचणीसाठी हे सोयीचं आहे. खऱ्या दप्तरावर असलं काही सुरू ठेवणाऱ्याला मी तरी जवळ उभं करणार नाही. कारण सांगतो. प्रोग्रामच्या दोन प्रती एकाच क्षणी उठल्या आणि दोघींनी ‘हा तक्ता नसेल तर कर’ म्हटलं, तर पोस्टग्रेसमध्ये एक जिंकते आणि दुसरी कधीकधी चक्क चूक दाखवून कोसळते. ‘नसेल तर’ हे बघणं आणि तक्ता करणं यांच्यामध्ये फट आहे. शिवाय पोस्टग्रेसमध्ये तक्ता करण्याचं कामही मागे घेता येतं, मायएसक्यूएल आणि ओरॅकल मात्र अशी आज्ञा आली की आधीचं सगळं पक्कं करून टाकतात. ज्या डेटाबेसवर चाचणी केली तोच पुढे चालणार नसेल, तर चाचणीने फार काही सिद्ध होत नाही.

लॉकची चाचणी दोन खिडक्या उघडून करायची. डावीकडे व्यवहार सुरू करायचा, गट ४५ ची ओळ ‘सिलेक्ट फॉर अपडेट’ने धरायची आणि कमिट न करता, म्हणजे व्यवहार पक्का न करता, तसंच बसायचं. उजवीकडे तीच ओळ मागायची. उजवी खिडकी गप्प होते, कर्सर लुकलुकत राहतो. आता उजवीकडची मागणी रद्द करून तिथेही नवा व्यवहार सुरू करा, आधी गट ४६ धरा, मग ४५ मागा, आणि डावीकडून ४६ मागा. दोघे एकमेकांची वाट बघत अडकले. पोस्टग्रेस अशी गाठ शोधण्याआधी सहसा एक सेकंद थांबतो, मग एकाचा व्यवहार मोडतो. जमिनीच्या अदलाबदलीत हे हमखास घडू शकतं, म्हणून गट नेहमी चढत्या क्रमाने धरावेत.

पण बहुतेक जण जी चाचणी करत नाहीत ती तिसरी: डावी खिडकी मध्येच मारून टाकायची. डेटाबेसचं स्वतःचं लॉक असेल तर जोडणी तुटल्याचं कळताच व्यवहार मागे फिरतो आणि ओळ मोकळी होते. पेन्सिलीला हे कधी जमलं नाही. पटवाऱ्याची बदली झाली, मंडळ अधिकाऱ्याची सही राहिली, की प्रलंबित नोंद वर्षानुवर्षं प्रलंबितच. गंमत म्हणजे स्कीमा बदलणाऱ्या साधनांमध्ये दोन्ही घराण्यांचे वारस आहेत. फ्लायवे पोस्टग्रेसवर सूचनेवजा लॉक घेतं, ते जोडणी गेली की जातं. लिक्विबेस मात्र एका तक्त्यात ‘लॉक घेतलं’ अशी ओळ लिहून ठेवतं. ते मध्येच मेलं तर ओळ तशीच राहते, पुढच्या प्रत्येक सुरुवातीला प्रोग्राम वाट बघत बसतो, आणि शेवटी कुणाला तरी हाताने ‘रिलीज लॉक्स’ची आज्ञा द्यावी लागते. त्याआधी पहिला खरंच मेला आहे की अजून आत लिहितो आहे, हे फोन करून विचारावंच लागतं.