आमेदे आर्द्वाँ : ध्वनिमुद्रिका आणि मौखिक साक्ष

अमेरिकेतील लुइझियाना राज्याच्या नैर्ऋत्य भागात विसाव्या शतकाच्या प्रारंभी फ्रेंच बोलणारे दोन ग्रामीण समाज शेजारी नांदत होते : गोरे केजन आणि कृष्णवर्णीय क्रिओल. त्यांचे नृत्यमेळावे वेगळे होते. गाणी मात्र पुष्कळशी सामाईक होती. या दोन्ही समाजांच्या लोकसंगीतावर ज्यांचा खोल ठसा उमटला ते गायक, गीतकार व अकॉर्डियनवादक आमेदे आर्द्वाँ (१८९८-१९४२) क्रिओल होते. त्यांचा आवाज ध्वनिमुद्रिकांत सुरक्षित आहे. तो आवाज ज्या घटनेने थांबला असे मानले जाते, तिची हकिकत मात्र मौखिक परंपरेनेच आली आहे. साधनचिकित्सेच्या दृष्टीने हा पेच महत्त्वाचा ठरतो.

आर्द्वाँ यांचे वाद्य म्हणजे दहा बटणांचे छोटे अकॉर्डियन होय. आपल्याकडील पेटीची पट्टी दाबली की एकच स्वर येतो. येथे तेच बटण भाता दाबताना एक आणि ओढताना दुसरा स्वर देते. त्यामुळे भात्याची प्रत्येक उलटापालट लयीचा आघात बनते आणि वादन आपोआप नृत्याला बांधले जाते. या ठेक्यावर आर्द्वाँ उंच, ताणलेल्या स्वरात विरह, पोरकेपण आणि भटकंती यांविषयी गात. समोर नाचणाऱ्यांवर ते तिथल्या तिथे कडवी रचत, असेही सांगितले जाते.

त्यांचे सहकारी डेनिस मॅकगी हे गोरे व्हायोलिनवादक होते. दोघेही एकाच जमीनमालकाची शेती अर्धलीने कसत. ९ डिसेंबर १९२९ रोजी न्यू ऑर्लिन्स येथे या जोडीची ६ गाणी मुद्रित झाली. वर्णभेदाच्या त्या काळात असे संयुक्त मुद्रण ही सामान्य गोष्ट नव्हती. डिसेंबर १९३४ मध्ये आर्द्वाँ यांनी न्यूयॉर्कमध्ये एकट्याने आणखी १२ गाणी मुद्रित केली. एकूण मुद्रित गाणी ३४. त्यानंतर एकही नाही.

मौखिक परंपरा सांगते की, गोऱ्यांच्या एका मेळाव्यात घामाघूम झालेल्या आर्द्वाँ यांना यजमानाच्या मुलीने आपला रुमाल दिला. परतीच्या वाटेवर दोघा गोऱ्यांनी त्यांना बेदम मारले आणि त्यांच्या गळ्यावरून मोटार नेली. मॅकगी यांचे कथन वेगळे आहे : कोणा मत्सरी वादकाने विषप्रयोग केला. नोव्हेंबर १९४२ मध्ये पाइनव्हिल येथील सरकारी मनोरुग्णालयात आर्द्वाँ यांचे निधन झाले.

कथनांतील विसंगतीमुळे ती सर्वच निरुपयोगी ठरवणे घाईचे होईल. रुमालाची कथा घटनेचा पुरावा म्हणून अपुरी आहे. पण त्या समाजाला स्वतःचे नियम किती नेमके ठाऊक होते, याची ती भक्कम साक्ष आहे. कृष्णवर्णीय वादकाने गोऱ्यांना नाचवावे, गोऱ्या साथीदाराशेजारी बसून गाणी मुद्रित करावीत, इथपर्यंत मुभा होती. रुमाल स्वीकारणे त्या मर्यादेपलीकडचे होते. केवळ ध्वनिमुद्रिका ऐकणाऱ्यास सहकार्याचे जे समाधानकारक चित्र दिसते, त्याला ही साक्ष छेद देते. शिवाय ध्वनिमुद्रिका हेही निवडक साधनच आहे. एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. रात्रभर चालणाऱ्या मेळाव्याचे गायन त्यांत कसे यावे?

१९४८ साली केजन वादक आयरी लज्यून यांनी आर्द्वाँ यांच्याच शैलीत ध्वनिमुद्रण केले आणि मागे पडलेले अकॉर्डियन केजन संगीतात पुन्हा प्रतिष्ठित झाले. २०१८ मध्ये ऑपलूसस येथे आर्द्वाँ यांचा पुतळा उभारण्यात आला. पाइनव्हिलच्या रुग्णालयाच्या दफनभूमीत त्यांची कबर नेमकी कोणती, हे दाखवणारी खूण नाही.